पुठ्ठ्यावरचा डाग

डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढा होता. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या आमच्या पार्किंगच्या फरशीवर, गाडीच्या पुढच्या दोन चाकांच्या मधे, जरा एका अंगाला. महिन्याभरात तो पोळीएवढा झाला. फरशी खराब होते म्हणून सौ.नी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून खाली सरकवला आणि म्हणाल्या, "अहो, आता तरी बघा." मी रोज सकाळी पुठ्ठा ओढून बघू लागलो. बघून काही कळत नव्हतं. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, रसग्रहणाच्या प्रश्नाची हजारो उत्तरं तपासली, पण त्या काळ्या डागाचा अन्वय मला लागेना.

तो अन्वय ज्यांनी लावला त्या मिस्त्रींच्या कामाबद्दल हे लिहितो आहे. चांगली कविता हाती लागली की ती नेमकी कुठे चांगली आहे हे चार लोकांना दाखवल्याशिवाय चैन पडत नाही, तसंच झालं आहे. काम म्हणाल तर साधं: इंजिनातून तेल गळत होतं, ते थांबवलं. पण कवितेतही गोष्ट साधीच असते.

गाडी १९९७ सालची मारुती ८००. पांढरी, एमएच ०९. हे नाव डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलं आणि जानेवारी २०१४ मध्ये या नावाची शेवटची गाडी कारखान्याबाहेर पडली. माझीला ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, कार्ब्युरेटरचं इंजिन आहे. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन नोंदणी वाढवून आणावी लागते. ती मी तीनदा आणली. मुलगा म्हणतो विका. मी ऐकत नाही.

आधी गेलो ते शहराबाहेरच्या एका मोठ्या, काचांच्या वर्कशॉपमध्ये. तिथल्या तरुण पोरानं गाडी लिफ्टवर चढवली, खालून टॉर्च मारला. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्या बेल हाउसिंगच्या बुडाशी तेलाचा थेंब लोंबत होता. दोन मिनिटांत निकाल लागला. "रिअर ऑइल सील गेलंय काका. गिअरबॉक्स उतरवायला लागणार. उतरवलाच तर क्लच प्लेटपण बदलून घ्या." कागदावर पाच आकडी रक्कम लिहून दिली. पोरगा लबाड नव्हता. थेंब जिथे दिसला तिथेच दोष आहे असं त्याने वाचलं, एवढंच. आमच्या वर्गात निम्मी मुलं कविता अशीच वाचायची: शेवटच्या ओळीत जो शब्द सापडेल तोच कवितेचा विषय.

मग एका जुन्या विद्यार्थ्याने उद्यमनगरात नेलं. कोल्हापूरकरांना उद्यमनगर सांगायला नको. लेथ, फौंड्री, ऑइल इंजिनांचे सुटे भाग, आणि त्यांच्या फटीफटीतून गॅरेजं. मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे दोन गाड्यांपुरती पत्र्याची शेड, एक खड्डा, एक कॉम्प्रेसर आणि 'बारक्या' म्हणून हाक मारली की येणारा, चांगला सहा फुटी पोरगा. मिस्त्री साठीचे. मी आधीच्या निदानाचा कागद पुढे केला. त्यांनी तो घेतला, वाचला नाही, खिशात ठेवला. म्हणाले, "सर, कुटनं गळतंय ते मागनं बघू. कवा गळतंय ते आदी सांगा. हुबी असताना, का चालून आल्यावर?"

या प्रश्नावर थोडं थांबतो, कारण सगळ्या कामाचं बीज यात आहे.

बंद इंजिनातलं जवळजवळ सगळं तेल खाली येऊन बुडाच्या चेंबरात बसतं. चेंबरचं पॅकिंग किंवा ड्रेन नट गळका असेल तर गाडी जागेवर उभी असतानाही रात्रभर थेंब पडत राहतो, चालवा की नका चालवू. ऑइल फिल्टर, ऑइल स्विच या दाबाच्या जागा. इंजिन चालू असताना तिथे दोन-चार किलोच्या दाबाने तेल धावतं. तिथे चीर पडली तर तेल उसळून येतं आणि इंजिन बंद करताच ओसरतं. टॅपेट कव्हर सगळ्यांत वर. तिथे दाब नाही, नुसते शिंतोडे. तिथली गळती चालताना पाझरते, मग इंजिनाच्या अंगावरून सावकाश उतरते आणि गाडी उभी केल्यावर तासभर ठिबकून थांबते. म्हणजे 'कधी' एवढं कळलं की 'कुठे'ची निम्मी दारं बंद होतात, आणि त्यासाठी गाडीला हातही लावावा लागत नाही. मी पुठ्ठ्याचा अभ्यास केलेला असल्यामुळे उत्तर तयार होतं: फिरून आल्यावर डाग पडतो, नंतर सकाळपर्यंत वाढत नाही, दोन दिवस गाडी काढली नाही तर पुठ्ठा कोरडा. मिस्त्री म्हणाले, "झालं. मग चेंबर न्हवं."

पुढची पायरी नाकाची. थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, हुंगला. हे दिसायला नाटकी वाटतं, पण याला आधार आहे. गाडीखाली काय काय सांडू शकतं? एसीचं पाणी, ते स्वच्छ आणि निरुपद्रवी. मे महिन्यात लोक त्यालाच घाबरून गॅरेजात येतात. कूलंट हिरवट किंवा गुलाबी, चिकट, गोडसर वासाचं. (चाखून बघायचं नाही; ते विष आहे.) ब्रेक ऑइल पातळ, फिकट, आणि रंगावर पडलं तर रंग सोलून काढणारं. गिअर ऑइल दाट आणि गंधकाच्या उग्र वासाचं, एकदा नाकात गेलं की दिवसभर जात नाही. इंजिन ऑइल नवं असताना मधाच्या रंगाचं, जुनं झालं की काळं, आणि वास जळकट. बेल हाउसिंगच्या एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्स. तिथला थेंब दोघांपैकी कुणाचाही असू शकतो. मोठ्या वर्कशॉपमध्ये त्या थेंबाला कुणी बोट लावलं नव्हतं. मिस्त्रींनी वास घेतला आणि गिअरबॉक्सला निर्दोष सोडलं.

मग त्यांनी जे वाक्य उच्चारलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. "तेल खोटं बोलत न्हाई सर. पर ते वाट वाकडी करून येतंय."

मला एकदम साहित्यशास्त्राचा तास आठवला. शब्दाचा सरळ अर्थ म्हणजे अभिधा. तो जुळत नसेल तर शेजारचा, संबंधातला अर्थ घ्यायचा, ती लक्षणा. हे शिकवताना आमचे जुने आचार्य गंगेवरच्या गवळीवाड्याचं उदाहरण देत. प्रवाहावर वाडा उभा राहील कसा? तेव्हा 'गंगेवर' म्हणजे गंगेच्या काठावर, असा अर्थ लावायचा. बी. ए.च्या वर्गात हे वाचलं तेव्हा वाटलं होतं, कोणाला कळत नाही हे, यात शास्त्र ते काय? आणि इथे एका सुसज्ज वर्कशॉपने प्रवाहावरच वाडा बांधला होता. 'बेल हाउसिंगला तेल' याचा अर्थ बेल हाउसिंगच्या वर कुठेतरी तेल. इंजिनावरचं तेल दोनच गोष्टींचं ऐकतं: उतार, आणि गाडी धावताना पुढून मागे वाहणारा वारा. म्हणून ओल्या भागाची सगळ्यांत उंच जागा शोधायची. आणि सत्तावीस वर्षांच्या काळ्या थरात ती सापडणार कशी?

इथे मिस्त्रींनी या सगळ्या कामातला सर्वांत सुंदर निर्णय घेतला. "आज कायबी खोलायचं न्हाई. आज नुस्तं धुवायचं."

बारक्याने कार्ब्युरेटरच्या तोंडावर, डिस्ट्रिब्यूटरवर आणि अल्टरनेटरवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. डिझेल आणि ब्रश. खरवडणं. मग साबणाचं पाणी, मग कॉम्प्रेसरची हवा. दोन तास गेले. मी स्टुलावर बसून बघत होतो आणि काळ्या मेणाखालून हळूहळू एक करडं, ओतीव, कडा असलेलं इंजिन वर येत होतं. कुठे बोल्टाचं डोकं, कुठे साच्यातून उठलेले आकडे. जुन्या पोथीवरचा तेलाचा आणि धुराचा थर निघाल्यावर अक्षरं दिसावीत तसं. संहिता शुद्ध केल्याशिवाय अर्थ लावायला बसू नये, हे पाठचिकित्सेचं पहिलं सूत्र आम्ही पदवीच्या वर्गात घोकलं होतं. प्रत्यक्षात ते पाळणारा माणूस मला उद्यमनगरात भेटला.

धुणं हे अनेकांना निदानाच्या आधीचं किरकोळ काम वाटतं. मला आता वाटतं की निदानातलं सगळ्यांत मोठं काम तेच. न धुता जो बघतो तो गेल्या वीस वर्षांतल्या सगळ्या गळत्या एकदम बघतो: कधीतरी तेल घालताना सांडलेलं, मागच्या मिस्त्रीच्या हातचं, बंद होऊन गेलेल्या जुन्या गळतीचं. यांतलं आजचं कुठलं?

इंजिन पूर्ण वाळल्यावर मिस्त्रींनी अंगाला लावायच्या पावडरीचा डबा काढला आणि इंजिनाच्या त्या अंगावर, टॅपेट कव्हरच्या कडेपासून बेल हाउसिंगच्या बुडापर्यंत, जेजुरीला भंडारा उधळावा तशी पावडर मारली. फक्त पांढरी. म्हणाले, "चला ज्योतिबाला."

शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली, वडणगे फाटा, केर्ली, मग घाट. तिसऱ्या-दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाला चांगलं घामेघूम करत ज्योतिबाच्या वाडी रत्नागिरीला पोचलो. लांबूनच नमस्कार केला आणि परत फिरलो. गॅरेजात बॉनेट उघडलं तेव्हा पावडर अजून जागेवर होती आणि तिच्यावर एक गडद रेघ उमटली होती. सुतळीएवढी. ती बेल हाउसिंगच्या बुडाशी निघत नव्हती, तिथे संपत होती. निघत होती वर, सिलिंडर हेडच्या टोकाला जिथे डिस्ट्रिब्यूटर बसतो त्याच्या मानेखाली. तिथून ती खाली उतरत, एका ओतीव कंगोऱ्यावर वळण घेत, बेल हाउसिंगच्या सांध्यात शिरली होती. त्याच्या जरा वर, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पावडर नुसती दमट झाली होती. रेघ नव्हती, ओल होती.

मोठ्या वर्कशॉपमध्ये याच कामाला चमकणारा रंग वापरतात. तेलात थोडासा मिसळायचा, इंजिन चालवायचं आणि अतिनील दिव्याखाली बघायचं. गळती हिरवट-पिवळी पेटून उठते. पावडरीपेक्षा ते साधन अचूक आहे, विशेषतः जिथे हात आणि पावडर दोन्ही पोचत नाहीत अशा जागी. भोळेपणाने पावडरीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण गंमत अशी की तो दिवा त्या काचांच्या वर्कशॉपमध्ये भिंतीला टांगलेला मी स्वतः पाहिला होता.

अजून एक खातरजमा राहिली होती. रिअर सील खरंच निर्दोष आहे का? मिस्त्रींनी तारेच्या टोकाला पांढरी चिंधी गुंडाळली आणि बेल हाउसिंगच्या बुडातल्या फटीतून आत फिरवली. चिंधीवर क्लच प्लेटची कोरडी, करडी धूळ आली. तेल नाही. "सील गेलं असतं तर आतनं बाहेर आलं असतं. हे भायेरनं खाली आलंय." गिअरबॉक्स जागेवर राहिला.

त्या रिअर सीलबद्दल इथेच दोन शब्द. क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेतो आणि त्याच्याभोवती रबराचा एक पातळ ओठ, मागून बारीक स्प्रिंगच्या कड्याने आवळलेला, तेल अडवून धरतो. हा ओठ शाफ्टवर अगदी कोरडा टेकला तर काही वेळात जळून जाईल. त्याच्या आणि शाफ्टच्या मधे तेलाचा सूक्ष्म पापुद्रा लागतोच. सील काम करतं ते त्या पापुद्र्यावर तरंगत. थोडक्यात, ज्याला अडवायचं त्याच्याच जिवावर ते जगतं. गेल्या शतकाच्या तिशीत जर्मनीतल्या फ्रॉयडेनबर्ग कंपनीत वाल्थर सिमर नावाच्या इंजिनिअरने असं सील घडवलं. कंपनी मूळची चामडं कमावणारी, म्हणून सुरुवातीचा ओठही चामड्याचा होता, रबर नंतर आलं. जर्मन भाषेत या सीलला आजही त्याच्या नावाने ओळखतात. चामड्याच्या धंद्यातून इंजिनाचं सील निघतं हे कोल्हापुरी चपलांच्या गावात राहणाऱ्या मला फार आवडलं.

आता दुरुस्ती. डिस्ट्रिब्यूटर काढण्याआधी मिस्त्रींनी बारक्याकडून लाल नेलपॉलिशची बाटली मागवली. रोटरचं तोंड जिकडे होतं तिकडे एक ठिपका, डिस्ट्रिब्यूटरच्या अंगावर आणि त्याच्या बैठकीवर एक सलग रेघ. आत तिरक्या दात्यांचा गिअर असतो, त्यामुळे डिस्ट्रिब्यूटर उपसताना रोटर थोडा फिरतो. तो फिरून कुठे थांबला तिथे दुसरा ठिपका. बसवताना दुसऱ्या ठिपक्यापासून सुरुवात करायची म्हणजे पहिल्यावर येऊन बसतो. ही खूण न करता ओढून काढला तर तेल थांबेल, पण टायमिंग हलेल आणि गाडी चढाला ठणठणेल. एक दुखणं बरं करताना दुसरं लावून देणारे पुष्कळ असतात.

डिस्ट्रिब्यूटरच्या मानेतून निघालेली ओ-रिंग त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. नवी ओ-रिंग कापली तर काप गोल दिसतो. हिचा काप चौकोनी झाला होता. इतकी वर्षं खाचेत दाबली जाऊन तिने खाचेचाच आकार घेतला होता. नखाने वाकवली तर तडकली. ओ-रिंगचं सगळं मर्म तिच्या चिवटपणात आहे: दाबली की परत फुगायला बघते आणि त्या फुगण्याने फट भरते. उष्णता आणि तेल यांनी रबर निबर झालं की ती नुसती जागा अडवून बसते, उलटून काही म्हणत नाही. नील्स क्रिस्टेनसन या मूळच्या डॅनिश माणसाने अमेरिकेत ओ-रिंगच्या पेटंटसाठी १९३७ साली अर्ज केला, पेटंट १९३९ मध्ये मिळालं. अर्ज केला तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. निवृत्त माणसाला असल्या तारखा लक्षात राहतात.

नवी ओ-रिंग एका मिसळीच्या पैशांत आली. तिला तेलाचं बोट लावून, पीळ न पडू देता खाचेत बसवली.

टॅपेट कव्हर उतरवलं. पॅकिंग काढलं ते अखंड निघालं नाही, पापडासारखं तुटत निघालं. बहुतेक जण इथे नवं पॅकिंग टाकून कव्हर आवळून मोकळे होतात. मिस्त्रींनी कव्हर काचेच्या तुकड्यावर पालथं ठेवलं आणि कडेच्या खालून टॉर्च मारला. दोन बोल्टांच्या भोकांपाशी उजेड अडत होता, मधे मात्र फटीतून येत होता. कुणीतरी कधीतरी गळती थांबावी म्हणून बोल्ट जोरात पिळले होते आणि पत्रा भोकांपाशी खाली दबला होता. गळती थांबवायच्या त्या धडपडीनेच गळतीला वाट मिळाली होती. लाकडी ठोकळ्यावर धरून, लहान हातोडीने, टिकली लावावी इतक्या हलक्या हाताने त्यांनी कड सपाट केली. पुन्हा काच, पुन्हा उजेड. तीनदा.

नवं पॅकिंग कोरडंच घातलं. सिलिकॉन फक्त मागच्या कोपऱ्यात, मुगाच्या डाळीएवढं. मी म्हटलं, "सगळीकडंच लावून टाका की, मजबूत होईल." त्यावर ते हसले. जास्तीचं सिलिकॉन दाबलं की निम्मं बाहेर येतं ते दिसतं, निम्मं आत जातं ते दिसत नाही. आतलं तुटून तेलात पडतं, पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं, आणि गळती बंद झालेलं इंजिन तेलावाचून मरतं. बाहेर जेवढं पिळून निघालेलं दिसतं तेवढंच आतही असणार, असं समजायचं. अतिअलंकाराचा दोष मी याहून चांगला कुणाला समजावून सांगू शकलो नसतो.

बोल्ट आवळले ते मधून कडेकडे, तीन फेऱ्यांत, लहान पान्याने, मनगटाच्या नाही, बोटांच्या जोराने. चाकाच्या नटाला लागतो त्याच्या मानाने या बोल्टांना अगदी थोडा जोर लागतो.

काम संपलं असं मला वाटलं. बारक्यालाही वाटलं, तो पाने पुसायला लागला. मिस्त्री मात्र पुसलेल्या इंजिनाकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "रबर म्हातारं झालं, मान्य. पर दोन्ही जाग्याला एकाच वख्ताला कसं?"

लक्षणेच्या पलीकडे व्यंजना असते. जे कुठेच लिहिलेलं नाही पण सगळं वाचून झाल्यावर मनात घुमतं, ते. आनंदवर्धनाने नवव्या शतकात त्याला ध्वनी म्हटलं आणि तोच काव्याचा आत्मा ठरवला. मिस्त्री आता तिकडे निघाले होते.

इंजिन चालू करून त्यांनी तेल ओतायचं झाकण काढलं आणि खिशातून एक कागद काढून, तोच पाच आकडी अंदाजाचा म्हणून मी ओळखला, त्या तोंडावर धरला. कागद फडफडत वर उडाला. निरोगी इंजिनात तो तोंडाला हलकाच चिकटून राहायला हवा. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा वायू नेहमीच खाली उतरतो. त्याला बाहेर पडायला टॅपेट कव्हरपासून एअर फिल्टरपर्यंत ब्रीदरचा पाइप असतो. तो बंद झाला की वायू आत कोंडतो आणि जिथे सगळ्यांत दुबळं रबर असेल तिथून तेलाला बाहेर ढकलतो. मिस्त्रींनी पाइप उपसला. आत खरवसासारखा पिवळट, घट्ट गोळा अडकला होता.

"हे काय?"

"तेल आन् पाणी, सर. गाडी रोज कुटं नेता?"

मी सांगितलं. सकाळी कपिलतीर्थ मार्केटला भाजीला, तिथून घर. आठवड्यातून एकदा पेन्शनच्या कामाला बँकेत. रोजचे दोन-तीन किलोमीटर.

"तेच. इंजन तापायच्या आतच तुमी बंद करता. आतला दमट वारा बाहेर जाईना, पाणी हून तेलात मिसळतंय, आन् त्याची अशी साय धरतीया." मग पाइप डिझेलमध्ये टाकत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी म्हातारी न्हाई, सर. घरात बसून बसून आजारी पडलीया."

मी काही बोललो नाही. पुठ्ठ्यावरच्या एका डागातून हा माणूस माझ्या निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांपर्यंत पोचला होता, आणि त्यासाठी त्याला फक्त एक रबरी पाइप काढावा लागला. घरात हेच मला आडून सांगितलं जात होतं, ते मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

पाइप साफ करून बसवला. कागद पुन्हा धरला. चिकटून बसला.

रसग्रहणात दोषही सांगावे लागतात, म्हणून सांगतो. मिस्त्री टॉर्क पाना वापरत नाहीत. त्यांच्या बोटांत चाळीस वर्षांचं माप आहे, कबूल. पण बारक्याच्या बोटांत ते नाही आणि परवा दुसऱ्या एका गाडीचा ड्रेन नट त्याने पिळून त्याचे आटे उडवलेले मी पाहिले. दुसरं, ते काहीच लिहून ठेवत नाहीत. कोणत्या गाडीचं काय काढलं, काय बदललं, कधी, सगळं डोक्यात. त्या डोक्याबरोबर ते जाईल. आणि धुतलेलं डिझेल शेडमागच्या गटारात गेलं, हे मला अजिबात पटलेलं नाही. काढलेलं जुनं तेल ते डबड्यात साठवून विकतात, मग धुण्याचं का नाही? विचारलं तर "व्हय सर, करायला पायजे" म्हणाले. माझे विद्यार्थीही असंच म्हणायचे.

तरीही या कामाला मी शंभरपैकी पंचाण्णव देतो, आणि मी कधी कुणाला ऐंशीच्या वर दिलेले नाहीत. त्यांनी काय बदललं याची यादी करायला बसलो तर एक ओ-रिंग, एक पॅकिंग, संपलं. जे खोललं नाही त्याची यादी मोठी आहे: गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील, रिअर सील. चेंबरलाही पाना लागला नाही. बिलाचा आकडा चार आकडी होता, त्यातही पहिला अंक एक. बिलात सर्वांत मोठी रक्कम धुण्याची होती आणि ती मी आनंदाने दिली.

या गोष्टीला चार महिने झाले. पुठ्ठा अजून पार्किंगमध्ये आहे, आता उलटा टाकलेला, कोरी बाजू वर. तेलाची पट्टी दर आठवड्याला काढून बघतो. तेल वरच्या खुणेवरून हललेलं नाही. मिस्त्रींनी औषध दिलंय ते आठवड्यातून एकदा इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवायचं. म्हणून दर रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही दोघं ज्योतिबाला जातो. मागची सीट रिकामीच असते. तुमच्यापैकी कुणी राजारामपुरीच्या बाजूला राहत असाल आणि यायचं असेल, तर सहा वाजता खाली येऊन थांबा.